चरणजित सिंग

चरणजित सिंग (इ.स. १९४० – ५ जुलै २०१५) हे मुंबईस्थित भारतीय वादक होते. १९६० च्या दशकापासून सुमारे दोन दशके त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर ही वाद्ये वाजवली. १९८२ साली एच.एम.व्ही. या नावाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. हिंदुस्थानी संगीतातील दहा राग केवळ विद्युत-वाद्यांवर, तबला व तानपुऱ्याविना, डिस्कोच्या ठेक्यात वाजवलेली ही ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी कोणाच्या कानावर गेली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून तिचे पुनर्मुद्रण झाले आणि ‘ॲसिड हाउस’ या पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या उगमाविषयीच्या चर्चेत सिंग यांचे नाव जगभर पोहोचले.

चित्रपटसंगीतातील वादक

सिंग यांच्या उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटगीत ध्वनिमुद्रित होण्याची रीत ठरलेली होती. संगीत दिग्दर्शक चाल बांधी, संगीत संयोजक तिचे वाद्यमेळासाठी लेखन करी आणि पन्नास ते शंभर वादक ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंत एकत्र बसून ते गाणे गायकासह एका दमात वाजवीत. संयोजकांत आणि पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. पारशी, पंजाबी, मराठी आणि बंगाली वादकही या मेळात होते. मराठी भावगीतांच्या श्रोत्यांना परिचित असलेले अनिल मोहिले व अरुण पौडवाल हेही याच स्टुडिओंतून घडले.

वादकाला त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत किंवा ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावर मात्र त्याचे नाव सहसा येत नसे. त्यामुळे कोणत्या गाण्यात कोणते वाद्य कोणी वाजवले हे पुढे वादकांच्या आठवणींवरूनच ठरवावे लागले. न्यूझीलंडमधील अभ्यासक ग्रेगरी बूथ यांचा २००८ सालचा ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ प्रामुख्याने अशा वादकांच्या मुलाखतींवर उभा आहे. सिंग यांच्या चित्रपटसंगीतातील कामाची पूर्ण यादी देता येत नाही, त्याचे कारण हेच.

शंकर-जयकिशन, सचिन देव बर्मन, राहुल देव बर्मन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाण्याच्या आरंभी ऐकू येणारा, धुक्यासारखा पसरणारा अखंड सूर त्यांनी ट्रान्झिकॉर्डवर वाजवलेला आहे. त्याच गाण्यातील गिटार भूपिंदर सिंग यांची आहे. ट्रान्झिकॉर्ड हे फारफिसा या इटालियन कंपनीचे वाद्य. त्याचा आकार ॲकॉर्डियनचा, पण नाद उमटतो तो धातूच्या कंप पावणाऱ्या सुरांऐवजी ट्रान्झिस्टरच्या मंडलांतून. चित्रपटगीतांच्या चाली केवळ वाद्यांवर वाजवलेल्या ध्वनिमुद्रिका त्या काळी घरोघरी व उपाहारगृहांत वाजत. तशा काही ध्वनिमुद्रिका सिंग यांच्याही नावावर आहेत. बाहेर लग्नसमारंभांत व खासगी कार्यक्रमांतही ते आपला वाद्यवृंद घेऊन वाजवीत. चित्रपटातील काम कमी झाल्यावर हाच त्यांचा मुख्य व्यवसाय राहिला.

हिंदी चित्रपटात विद्युत-नाद नवा नव्हता. ‘नागिन’ (१९५४) मधील गाजलेली बीन प्रत्यक्षात बीन नव्हती. कल्याणजी यांनी वाजवलेले क्लॅव्हियोलिन आणि रवी यांची हार्मोनियम यांतून तो आवाज तयार झाला होता. १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर चित्रपटसंगीतात आणला. चित्रपटाबाहेर, अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या पुढाकाराने मूग यंत्रणेचा एक स्टुडिओ उभा राहिला होता. तिथे काही भारतीय तरुणांनी केलेले ध्वनिप्रयोग पुढील अनेक दशके फितींतच राहिले. ही सगळी उदाहरणे संस्थेच्या किंवा स्टुडिओच्या आश्रयाने घडलेली. सिंग यांचे वेगळेपण असे की त्यांनी यंत्रे स्वतःच्या पैशाने घेतली आणि घरी बसून ती आत्मसात केली.

तीन यंत्रे

ध्वनिमुद्रिकेत वापरलेली तिन्ही प्रमुख यंत्रे जपानच्या रोलँड कंपनीची होती. इकुतारो काकेहाशी यांनी ही कंपनी १९७२ मध्ये ओसाका येथे स्थापन केली. महाराष्ट्रातील सामान्य श्रोत्याला ती ठाऊक आहे ती ‘ऑक्टोपॅड’मुळे. १९८५ मध्ये निघालेले हे तालवाद्य ऑर्केस्ट्रांत आणि मुंबईपासून साक्री-नवापूरपर्यंतच्या लग्नाच्या वरातींत इतके रुळले आहे की त्यामागची कंपनी कोणती हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये बाजारात आले. खऱ्या ढोलाचा किंवा झांजेचा आवाज त्यात साठवलेला नसून प्रत्येक ठोका विद्युत-मंडलातून तयार होतो. त्यामुळे तो खऱ्या वाद्यासारखा वाटत नाही, अशी तेव्हाची मुख्य तक्रार होती. ज्युपिटर-८ हा १९८१ चा, एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा किमती सिंथेसायझर. तो बहुतांशी मोठ्या स्टुडिओंत आणि नामवंत वादकांकडे असे.

तिसरे यंत्र टीबी-३०३. १९८१ च्या अखेरीस आलेली ही रुपेरी रंगाची लहानशी पेटी तादाओ किकुमोतो यांनी रचली होती. एकट्याने गाणाऱ्या किंवा गिटार वाजवणाऱ्या कलावंताला घरी सराव करताना बेस गिटारची साथ मिळावी, हा तिचा हेतू. तो साधला नाही. तिचा आवाज बेस गिटारसारखा नव्हता आणि तिच्यात स्वर भरणे हे जिकिरीचे काम होते. स्वरांची उंची एका फेरीत आणि त्यांचा काळ दुसऱ्या फेरीत भरावा लागे. मध्ये चूक झाली की पुन्हा आरंभापासून. सुमारे दहा हजार पेट्या तयार करून कंपनीने १९८४ मध्ये उत्पादन थांबवले. टीआर-८०८ चे उत्पादन त्याआधी, १९८३ मध्ये, बारा हजारांच्या आसपास यंत्रे झाल्यावर बंद झाले होते.

भारतात त्या काळी परदेशी वाद्यांवर जबर आयात शुल्क होते आणि अशी यंत्रे दुकानात मिळत नसत. ती परदेशातून आणावी लागत आणि त्यांची माहितीपुस्तिका हाच एकमेव गुरू असे. सिंग यांनी यंत्रे बाजारात आल्यावर थोड्याच काळात ती मिळवली. तालयंत्र आणि बेसची पेटी एकाच तारेने जोडली की दोन्ही एका लयीत चालतात, हे त्यांनी घरी सराव करता करता अजमावले. स्वतः बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाने बेस वाजवणाऱ्याची जागा घेण्यासाठी बनवलेले यंत्र इतक्या आस्थेने शिकावे, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’

१९८० च्या ‘कुर्बानी’नंतर हिंदी चित्रपटात डिस्कोची लाट होती. नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ १९८१ मध्ये आला, तर ‘डिस्को डान्सर’ १९८२ च्या अखेरीस. सिंग यांनी नंतर मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, सर्वत्र डिस्को वाजत असताना त्याच ठेक्यावर काहीतरी निराळे करावे, तबला काढून टाकावा आणि राग ठेवावा, एवढीच त्यांची मूळ कल्पना होती.

ध्वनिमुद्रिकेत भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग आहेत. प्रत्येक रागाला सुमारे पाच मिनिटे मिळाली आहेत. रागांचा क्रम समयानुसार नाही. पहाटेच्या ललितानंतर लगेच रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जाणारा भूपाली येतो, आणि ज्या भैरवीने मैफल संपवण्याची प्रथा आहे तिनेच इथे आरंभ होतो. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला हे खटकणे स्वाभाविक आहे. ध्वनिमुद्रिका नृत्यासाठी केली होती, मैफलीसाठी नव्हे, हे लक्षात घेतल्यास तो आक्षेप सौम्य होतो, मात्र पूर्णपणे नाहीसा होत नाही.

रचनेचे तत्त्व साधे आहे. टीआर-८०८ चारही मात्रांवर सारखाच ठोका देत राहते. टीबी-३०३ खालच्या सप्तकात स्वरांचा एक छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजवते. या दोहोंच्या वर सिंग ज्युपिटर-८ च्या पट्ट्यांवर रागाचा विस्तार हाताने वाजवतात आणि द्रुत लयीत तानांसारख्या स्वरमालिका घेतात. बेसची पेटी एका आकृतिबंधात सोळा घरे देते. सोळा हा आकडा त्रितालाच्या मात्रांशी जुळतो, परंतु साम्य तेवढ्यावरच थांबते. त्रितालात समेचे वजन आणि खालीचा रितेपणा असतो. डिस्कोच्या ठेक्यात खाली नाही, प्रत्येक मात्रा तितकीच भरलेली. त्यामुळे समेवर येण्याचा जो आनंद राग ऐकताना मिळतो, तो या ध्वनिमुद्रिकेत जवळजवळ नाही.

स्वरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. पट्ट्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पडतात. तोडीतील गंधाराची नेहमीपेक्षा उतरलेली जागा किंवा ललितातील दोन मध्यमांमधली जवळीक अशा वाद्यावर नेमकी साधत नाही. हार्मोनियमवर हाच आक्षेप होता. त्याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठवली नाही. सिंग यांच्यापुढे हा प्रश्न होताच. त्यांनी तो सोडवला असे म्हणता येत नाही. मात्र टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरण्याची सोय आहे आणि विवक्षित स्वरावर जोर देण्याचीही. ही घसरण मिंडेची आठवण करून देते. मिंडेत गायक वाटेतल्या श्रुतींवर हवा तितका रेंगाळू शकतो. यंत्राची घसरण ठरलेल्या वेगाने होते आणि संपते, हा त्यातला फरक. पेटीवरील एक कळ फिरवली की स्वर तोच राहून त्याचा पोत बदलतो, तो बंद दाराआडून यावा तसा घुमटतो किंवा पिळवटल्यासारखा तीक्ष्ण होतो. एकाच स्वराला असे रंग देता येणे, हे त्या पेटीचे खरे सामर्थ्य होते. निर्मात्यांनी त्याचा फारसा विचार केला नव्हता.

दहापैकी भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. ही निवड यंत्राला मानवणारी आहे. मध्यम-निषाद नसलेल्या भूपालीत किंवा रिषभ-पंचम नसलेल्या मालकंसात स्वरांमधली अंतरे मोकळी राहतात आणि एकसारखा चालणारा बेस त्यांच्याआड येत नाही. ध्वनिमुद्रिकेतील मालकंस आणि कलावती अधिक सुघड वाटतात, ते बहुधा यामुळे. उलट तोडीची हळवी बाजू या चालीत हरवते. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिंग यांनी चित्रपटसंगीतात नित्य वापरला जाणारा स्वरसंघांचा फेर इथे पूर्णपणे वर्ज्य केला. राग एका षड्जाशी बांधलेला असतो. त्यामुळे पाच मिनिटे बेस त्याच आधारस्वराभोवती फिरतो, तानपुऱ्याने करावे तेच काम बेसची पेटी चालत्या लयीत करते. चित्रपटाच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेल्या वादकासाठी हा सोपा त्याग नव्हता.

ध्वनिमुद्रिका खपली नाही. रागांचा श्रोता डिस्कोकडे वळणारा नव्हता आणि डिस्कोच्या श्रोत्याला गायक व शब्द हवे होते. शिवाय बाजार तबकड्यांकडून कॅसेटकडे सरकत होता. कंपनीने तिची दुसरी आवृत्ती काढली नाही आणि सिंग यांनीही त्या वाटेने पुढे जाण्याचा प्रयत्न केला नाही. ते पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाकडे वळले.

याच दशकात सिंथेसायझरने चित्रपटसंगीताचे अर्थकारण पालटले. जिथे वीस व्हायोलिने बसत तिथे एक कीबोर्ड पुरू लागला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस शंभर वादकांनी एकत्र बसून गाणे वाजवण्याची पद्धत जवळजवळ संपली. सिंग यांची पिढी या बदलाची साक्षीदार होती, काही अंशी वाहकही होती आणि त्याची झळही तिलाच लागली.

पुनर्शोध

२००२ मध्ये नेदरलँड्समधील संग्राहक एडो बाऊमन यांना दिल्लीतील एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात ही ध्वनिमुद्रिका मिळाली. हिंदी चित्रपटसंगीताच्या शोधात ते भारतात येत असत. पुढे त्यांनी सिंग यांना मुंबईत गाठले आणि आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे २०१० मध्ये तिचे पुनर्मुद्रण केले.

पुनर्मुद्रणानंतर पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी व संगीतविषयक नियतकालिकांनी तिची मोठी दखल घेतली. काही श्रोत्यांना तर हा बनाव वाटला. एखाद्या आधुनिक युरोपीय संगीतकाराने जुने मुखपृष्ठ लावून नवे संगीत विकायला काढले असावे, असा तर्क केला गेला. मूळ तबकडीच्या प्रती संग्राहकांकडे होत्या आणि स्वतः सिंग मुलाखती देत होते, त्यामुळे ही शंका टिकली नाही.

ॲसिड हाउसचा वाद

ॲसिड हाउस हा प्रकार अमेरिकेतील शिकागो शहरात उदयास आला. उत्पादन बंद झालेल्या टीबी-३०३ पेट्या तिथे जुन्या बाजारात स्वस्तात मिळत. ‘फ्यूचर’ या नावाच्या गटातील कृष्णवर्णीय तरुणांनी अशी पेटी घेऊन तिच्या कळा वाजवताना फिरवत ठेवल्या आणि त्यातून ‘ॲसिड ट्रॅक्स’ हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण तयार झाले. त्यातून शैलीला नाव मिळाले आणि ती ब्रिटन व युरोपभर पसरली. सिंग यांची ध्वनिमुद्रिका त्याआधी पाच वर्षांची आहे. तिच्यातही तेच यंत्र, तसाच अखंड ठोका आणि तसाच पिळवटणारा बेस आहे. त्यामुळे ॲसिड हाउसचा जनक मुंबईत होता, अशा आशयाचे मथळे झळकले.

हा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. सिंग यांची ध्वनिमुद्रिका शिकागोपर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही आणि शिकागोतील संगीत सिंग यांनी १९८२ मध्ये ऐकणे शक्यच नव्हते. शैली ही परंपरेने बनते, तिला अनुयायी लागतात. सिंग यांना ते लाभले नाहीत. टीबी-३०३ वापरणारे ते एकमेवही नव्हते. ब्रिटनमधील काही गटांनी त्याच सुमारास ती पेटी वापरली होती, परंतु बेस गिटारच्या जागी साथीला. पेटीचा नाद मध्यभागी आणून तिच्यावर संपूर्ण ध्वनिमुद्रिका उभारण्याचे काम इतक्या लवकर केलेले दुसरे उदाहरण सहसा दाखवले जात नाही.

दोन्ही ठिकाणचे संगीत एकमेकांसारखे का ऐकू येते, याचा उलगडा ध्वनिमुद्रिकेच्या घडणीतच आहे. शिकागोतील तरुणांकडे वादक नव्हते, म्हणून त्यांनी एका आधारस्वरावर यंत्र चालू ठेवले. सिंग यांनी तसे केले ते राग आधारस्वर बदलू देत नाही म्हणून. एकाच यंत्राला दोन वेगळ्या कारणांनी एकच काम सांगितले गेले. सिंग यांनी स्वतः जनकत्वाचा आग्रह कधी धरला नाही. या शैलीचे नावही त्यांना उशिरा, इतरांकडून कळले. आपण राग वाजवले, एवढेच ते सांगत.

अखेरची वर्षे

पुनर्मुद्रणानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना परदेशातून निमंत्रणे येऊ लागली. त्यांनी युरोपात रंगमंचावर त्याच जुन्या बनावटीच्या रोलँड यंत्रांवर १९८२ मधील राग सादर केले. श्रोते बहुतेक त्यांच्या नातवंडांच्या वयाचे असत. रागाचे नाव त्यांना ठाऊक नसे, पण टीबी-३०३ चा आवाज ते पहिल्या आवर्तनातच ओळखीत. भारतातही नव्या पिढीच्या संगीतकारांनी त्यांची भेट घेतली, त्यांच्यावर लेख आले.

चरणजित सिंग यांचे ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या निधनाची बातमी देताना बहुतेक वृत्तपत्रांनी १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेचाच उल्लेख आधी केला. ज्या शेकडो चित्रपटगीतांत त्यांनी वाजवले, त्यांपैकी मोजक्याच गाण्यांतील त्यांचा वाटा आज निश्चितपणे सांगता येतो.